एकशे चौदावा खण

मी दगडाला जेवू घालते. चेष्टा नाही, माझ्या ओळखपत्रावर तसंच लिहिलंय: केतुरा दिवेकर, पोषण विभाग, लाटरोधक बांध, अश्दोद बंदर. लग्नाकार्यात कुणी विचारलं की मी हेच उत्तर देते आणि पुढचं ऐकायला कोण थांबतं ते बघते. आजवर दोघं थांबले. त्यातल्या एकाशी मी लग्न केलं आणि ते तीन वर्षं टिकलं.

अश्दोद हे भूमध्य समुद्रावरचं शहर. आज, दोन हजार अठ्ठावन्न साली, इथे सहा लाख माणसं राहतात, चारशे मीटर लांबीची जहाजं लागतात आणि क्रेनवर माणूस बसत नाही. माझी सेगुल्ला आत्या आईवडिलांबरोबर रेवदंड्याहून इथे आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तेव्हा म्हणे चारमजली इमारती, त्यांच्यामागे वाळू आणि समोर बंदर, एवढंच होतं. आजोबांना पहिल्याच आठवड्यात धक्क्यावर संत्र्यांच्या पेट्या चढवायचं काम मिळालं. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घरात अजून मराठीच चालतं, फक्त आत्याचं मराठी रेवदंडा सोडला त्या वयातच थांबलंय. पुढे तीही बंदरात लागली आणि पस्तीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाली.

म्हाताऱ्या माणसांनी जुन्या दिवसांसाठी हळहळायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलंच नाही. नवा मनोरा उभा राहिला की ती गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवते. क्रेनवरची माणसं काढली तेव्हा तिच्या बरोबरीचे लोक मोर्चा घेऊन गेले. ही नवी क्रेन बघायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "अगो, माझ्यापेक्षा अलगद ठेवते पेटी!" कुरकुर करायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. मी सहा वर्षांची असताना माझे आईवडील अपघातात गेले आणि आत्यानं मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी ऐकवलं नाही.

आता बांधाबद्दल. बंदराला उघड्या समुद्रापासून वाचवायला पाण्यात लांबच लांब दगडी हात घालावा लागतो, त्यावर लाटा फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. जुना बांध ट्रकांनी आणलेल्या दगडांचा होता. पण समुद्र दीड वीत वर आला, हिवाळ्यातली वादळं वाढली, आणि शहरही वाढलं. नवा बांध हवा होता तिप्पट लांब, आणि तेवढे दगड फोडायला जवळपास डोंगर उरला नव्हता. मग शास्त्रज्ञांनी ठरवलं की दगड आणायचा नाही, वाढवायचा.

कल्पना शिंपल्यांचीच आहे. शिंपला समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम घेऊन स्वतःपुरतं चुन्याचं घर बांधतो. हेच काम करणारे जिवाणू आहेत, फक्त ते आळशी. प्रयोगशाळेत त्यांना जरा उद्योगी करण्यात आलं. पाण्यात पोलादी जाळ्या उभ्या केल्या, जाळ्यांमधून केसासारख्या बारीक नळ्या फिरवल्या, त्यात जिवाणू सोडले. त्यांना खाणं मिळालं की ते भोवती चुन्याचा थर जमवतात आणि थरावर थर चढून दगड होतो. वीस वीस मीटरचा एक खण, असे तीनशे खण. प्रत्येक खणाच्या माथ्यावर झाकणाचं एक भांडं असतं. त्यात आम्ही दर आठवड्याला मोजून पातळ खाणं ओततो आणि ते नळ्यांतून आत झिरपतं. यंत्रानं ओतून पाहिलं, पण यंत्राच्या तोट्या चुन्यानं बुजतात. तेव्हा अजून माणसं लागतात, आणि त्यातली एक मी.

खाणं बंद केलं की जिवाणू झोपतात आणि दगड वाढायचा थांबतो, असं आम्हाला सांगितलं होतं. चार वर्षं ते खरंही ठरलं.

पाचव्या वर्षी दोन भानगडी झाल्या. पहिली मोठी होती. बांधाच्या टोकाचे खण, जिथे जहाजं आत शिरतात त्या मुखाजवळचे, पूर्ण वाढले म्हणून आम्ही त्यांचं खाणं बंद केलं, पण ते काही झोपेनात. शहर वाढलं तसं शहराचं सांडपाणी वाढलं होतं, नाल्यांतून समुद्रात येणाऱ्या त्या पाण्यात नत्र भरपूर असतं, आणि आमचे जिवाणू ते खायला शिकले होते. आमच्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. मुख दोन्ही बाजूंनी रोज एकेक वीत आत येऊ लागलं. मोठ्या जहाजांना आत शिरायला कमीत कमी दोनशे चाळीस मीटर मोकळं पाणी लागतं. आम्ही दोनशे साठवर होतो. हिशेब सोपा होता: पंचेचाळीस दिवसांत बंदर बंद.

दुसरी भानगड छोटी होती आणि माझी होती. एकशे चौदावा खण वाढतच नव्हता. आजूबाजूचे खण पाण्याच्या वर चार मीटर, आणि हा आठ महिन्यांपासून अडीच मीटरवर अडून बसलेला. तो माझ्या हद्दीत होता.

बांधाच्या प्रमुख मिरियम अझुलाय यांनी मला सकाळीच बोलावलं. या बाईंचे आजोबा मोरोक्कोहून आले आणि माझे कोकणातून, पण त्या नात्यानं त्यांनी मला कधी चहा विचारला नाही.

"केतुरा, एकीकडे दगड थांबत नाही, एकीकडे वाढत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं तुझ्याकडे असलं पाहिजे. खाणं कमी घातलंस?"

"एक थेंबही नाही. नोंदी बघा."

"नोंदी तूच लिहितेस." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "गुरुवारपर्यंत कारण आण. नाहीतर तुला बांधावरून काढावं लागेल. सध्या वरून सगळे कुणाचं तरी नाव मागताहेत, आणि मला ते द्यावं लागेल."

मी तणतणत खणावर गेले, भांड्याच्या तळाशी नळ्यांच्या तोंडावर साचलेला नमुना घेतला आणि प्रयोगशाळेत आले. तिथला तंत्रज्ञ लेवान जेवायला गेला होता. मी थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवाणू होते, पण सुस्त, आणि त्यांच्यात दुसरेच कसले तरी दांड्यासारखे जीव घुसलेले. भोवती चिकट साय. चुन्याचे स्फटिक एकमेकांना धरतच नव्हते. मग मी उरलेला गाळ साध्या भिंगाखाली पसरला. त्यात पांढऱ्या धाग्याचा एक तुकडा होता. एक हिरवट कण होता. आणि एक फुगलेला, चपटा, कडा विरघळलेला दाणा.

तो पोहा होता. शेजारी नारळाचा किस आणि पिस्त्याचा तुकडा.

अख्ख्या प्रयोगशाळेत हे ओळखू शकणारी मी एकटीच होते, आणि मी ते एका क्षणात ओळखलं. मलिदा! आमच्यात नवस फेडायला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, बदाम-पिस्ते, वर पाच फळं. एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियांचं, नाव घेऊन आभाराची प्रार्थना करायची आणि सगळ्यांना वाटायचा. अश्दोदच्या बांधावर सकाळी फिरायला येणाऱ्या आणि मलिदा करणाऱ्या बाया किती असतील? मला एकच माहीत होती.

लेवान यायच्या आत मी काचपट्टी धुतली. गाळ बेसिनमध्ये ओतला. नोंदवहीत लिहिलं, 'कारण अज्ञात.' बारा वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेली ती पहिली खोटी ओळ.

दुपारी मी आत्याच्या घरी धडकले. बंदराच्या निवृत्त कामगारांसाठी बांधलेल्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर तिचं घर आहे, गॅलरीतून सगळा बांध दिसतो. हे घर तिला मरेपर्यंत मिळालंय. अट एकच, कागदावर ठळक छापलेली: बंदराच्या मालमत्तेला इजा केली तर घर परत.

"आत्या, तू बांधावरच्या भांड्यात काय टाकतेस?"

ती भाजी निवडत होती. लपवायचा तिनं प्रयत्नही केला नाही. "मलिदा टाकते. दर महिन्याला वाटीभर. कशाला गो?"

"कशाला? मला विचारतेस कशाला?"

"तुझ्याच खणात टाकते," ती जणू माझ्यावर उपकार केल्यासारखी म्हणाली. "एकशे चौदा. तू दाखवला होतास ना मला?"

मग तिनं सगळं सांगितलं. ती लहान असताना तिची आजी तिला अलिबागजवळच्या खंडाळ्याला घेऊन जायची. तिथे एक खडक आहे. एलियाहू हन्नबी आकाशात गेले तेव्हा त्यांचा रथ त्या खडकाला टेकला, त्याच्या खुणा तिथे आहेत, असं आमचे लोक मानतात. नवस फेडायचा तर मलिदा घेऊन खडकाकडे जायचं. इथे अश्दोदला वाळूच वाळू, खडक कुठला? सत्तर वर्षं ती घरातल्या घरातच मलिदा करत आली. आणि एके दिवशी समुद्रातून खडक वर आला.

"माझ्या डोळ्यांदेखत आला," आत्या म्हणाली. "आणि त्याला भरवणारी माझी पोर. मग मी काय नुसती बघत बसू? ह्या बंदरानं माझ्या बापाला काम दिला, मला दिला, तुला दिला. सत्तर वर्षं आपण ह्याच्या ताटात जेवतो. एक वाटी त्याला दिली तर काय बिघडलं?"

"बिघडलं! खण वाढत नाहीये! माझी नोकरी जातेय, आणि हे कळलं ना, तर तुझं घर जाईल. हे घर, आत्या!"

भाजी निवडणारे तिचे हात थांबले. चेहरा एकदम उतरला. घराचं ऐकून नव्हे, ते नंतर कळलं. "दगड वाढत नाय?" तिनं विचारलं. "माझ्यामुळे?"

मला तिची दया यायला हवी होती. मला राग आला. मी वाट्टेल ते बोलले. तू कुणाला विचारत नाहीस, तुझ्या श्रद्धेपायी लोकांचे संसार उठतील, मला जन्मभर तुझी लाज सांभाळत फिरावं लागेल, असलं बरंच काही. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "कुणाला एक शब्द सांगायचा नाही. मीही सांगणार नाही. विषय संपला."

ती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. "बरं," एवढंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी बैठक होती. माझ्या खणासाठी नव्हे, मुखासाठी. चाळीस माणसं, भिंतीवर बंदराचा नकाशा. अझुलाय उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे तांबारलेले होते. सुरुंग लावला तर सगळा बांध तडकेल आणि पुढच्या वादळात शहराच्या सखल भागात पाणी शिरेल, त्या म्हणाल्या. उरतं ते विष. मुखाजवळच्या पाण्यात जिवाणूनाशक सोडायचं. जिवाणू मरतील. त्याबरोबर दहा किलोमीटरपर्यंतची मासळी मरेल, आणि समुद्राचं पाणी गोडं करून शहराला पाजणारा प्रकल्प वर्षभर बंद ठेवावा लागेल. सहा लाख माणसांना टँकरनं पाणी.

"दुसरा मार्ग आम्ही सहा महिने शोधला," अझुलाय म्हणाल्या. "खाणं बदलून पाहिलं, तापमान, प्रकाश, सगळं. या अख्ख्या बांधावर एकही जागा अशी नाही, जिथे आपण या जिवाणूंना न मारता थांबवू शकलो."

मी खुर्चीत बसले होते आणि माझे कान तापले. अशी एक जागा होती. वीस मीटरची, अडीच मीटर उंच. आठ महिने.

दोन दिवस मी खण वाढत नाही म्हणून रडत होते, आणि इथे चाळीस माणसं दगड वाढायचा थांबावा म्हणून रडत होती. एवढं साधं मला दिसलं नव्हतं, कारण मी सबंध वेळ आत्याला लपवण्यात गुंतले होते. आता दिसलं, आणि त्याच क्षणी सहाव्या मजल्यावरची ती गॅलरीही दिसली. मी बोलले तर तिचं घर जाणार होतं. न बोलले तर कुणालाच कधी कळणार नव्हतं. मी तिला शब्द दिला होता. खरं सांगते, मी दोनदा उठून पुन्हा बसले. शेजारच्या बाईला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

तिसऱ्यांदा उठले ती बोललेच. "एकशे चौदावा खण थांबलाय. का थांबलाय ते मला माहीत आहे. मंगळवारपासून माहीत आहे. मी नमुना धुऊन टाकला आणि नोंद खोटी केली." मग मी आत्याचं नाव घेतलं, आणि मलिदा म्हणजे काय ते हिब्रूत समजावून सांगितलं. चाळीस शहाण्या माणसांना नारळाच्या किसाचं महत्त्व पटवणं सोपं नसतं. कुणीतरी हसलं. अझुलाय हसल्या नाहीत.

"साखर," त्या सावकाश म्हणाल्या. "काँक्रीटमध्ये मूठभर साखर पडली तर ते जमत नाही, हे कुठलाही गवंडी सांगेल. पण आम्ही साखर देऊन पाहिली होती. जिवाणू ती खाऊन उलट जोमानं वाढले."

"नुसती साखर नाहीये ना," मी म्हटलं.

लेवाननं त्याच दिवशी प्रयोगशाळेत मलिदा केला. निर्जंतुक पोहे, डब्यातलं खोबरं, तोलून साखर, हातात मोजे. चाचणीच्या टाकीत सोडला. सहा दिवस वाट पाहिली. दगड मजेत वाढत राहिला, आणि तिकडे मुख दोनशे सत्तावन्नवर आलं. अझुलायनी मला फोन केला. "तुझ्या आत्याला घेऊन ये," त्या म्हणाल्या, आणि एक क्षण थांबून, "कृपा करून," असंही म्हणाल्या.

मी आत्याला भेटले नव्हते. तोंड दाखवायची लाज वाटत होती. शब्द मोडल्याचं मी तिला फोनवरच सांगितलं होतं, आणि ती तेव्हाही फक्त "बरं" म्हणाली होती. आता ती बंदराच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. अंगावर ठेवणीतली निळी साडी, हातात पिशवी, पिशवीत शेंडीसकट नारळ.

प्रयोगशाळेत तिनं लेवानचं मिश्रण हुंगून पाहिलं आणि बाजूला सारलं. "ह्याला काय सांगू मी?" ती मला मराठीत म्हणाली. "मोजे घालून कुणी मलिदा कालवतं काय? हातानं कालवायचा. मग फडक्याखाली थोडा वेळ ठेवायचा, तो जरा आंबटसर वास सोडतो, तेव्हा झाला. विचार त्याला, त्याची आई भाकरी मोज्यांनी थापते काय?"

मी भाषांतर केलं. लेवान लाजला आणि त्यानं मोजे काढले. त्याला वाटलं आता त्यालाच कालवायचंय. आत्यानं त्याला हातानंच दूर केलं.

तिच्या मलिद्यानं चौथ्या दिवशी टाकीतला दगड थांबला. कारण मग सापडलं, आणि ते तसं साधंच आहे. ओल्या नारळावर आणि माणसाच्या हातावर दुधाचं दही करतात तसले जिवाणू असतात. साखर आणि पोह्यांच्या पिठावर ते माजतात आणि हळूहळू आंबट रस सोडतात. आमच्या जिवाणूंना चुना जमवायला आंबटपणा अजिबात चालत नाही. ते मरत नाहीत, हात बांधून गप्प बसतात. आणि भोवतीची चिकट साय उरलेल्या स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाही. लेवानच्या निर्जंतुक मलिद्यात बाकी सगळं होतं, जिवंत काहीच नव्हतं.

पुढचे पाच आठवडे मी घरी फक्त अंघोळीला जात होते. आत्याच्या हातचं विरजण प्रयोगशाळेनं मोठ्या पिंपांत वाढवलं आणि मुखाजवळच्या चाळीस खणांत, त्यांच्या जुन्या नळ्यांतून, आम्ही ते आतपर्यंत सोडलं. दुपारी आत्या फाटकाशी डबा देऊन जायची. मी उभ्या उभ्या जेवायची, ती समुद्राकडे बघायची. घराचा विषय दोघींनीही काढला नाही. दोनशे पन्नास. दोनशे एकोणपन्नास. मग आठ दिवस दोनशे एकोणपन्नासच. नवव्या दिवशी दुपारी अझुलायनी मोजणी तिसऱ्यांदा करायला लावली, आणि आकडा तोच आल्यावर खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. विष सोडावं लागलं नाही. शहर नळाचंच पाणी पीत राहिलं. त्या दिवशी मी बांधावर उभी राहून रडले. मला सगळ्यांचेच आभार मानावेसे वाटत होते, जिवाणूंचेसुद्धा.

पण नियम होता, आणि नियमात हेतू हा शब्द नव्हता. दोन आठवड्यांनी आत्याची चौकशी लागली. माझी आधीच झाली होती. खोट्या नोंदीबद्दल फाईलमध्ये ताशेरा, नोकरी शाबूत. आत्याच्या वेळी अझुलाय स्वतः साक्षीला आल्या आणि अर्धा तास बोलल्या. समितीतल्या तिघांनी मन लावून ऐकलं. मग अध्यक्षांनी पत्र वाचलं. पहिल्या परिच्छेदात बंदर वाचवल्याबद्दल श्रीमती सेगुल्ला दिवेकर यांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या परिच्छेदात, बंदराच्या मालमत्तेत परवानगीवाचून परका पदार्थ टाकल्याबद्दल, तीस दिवसांत घर रिकामं करावं. वाचताना अध्यक्षांचा आवाज अडखळला. वाईट माणूस नव्हता.

"हे अन्यायाचं आहे," मी उठून ओरडले. अझुलायही उठल्या होत्या.

आत्यानं मला हात धरून खाली बसवलं. मग पर्समधून एक किल्ली काढली आणि टेबलावर अध्यक्षांसमोर ठेवली.

"तीस दिवस आहेत तुम्हाला," ते म्हणाले.

"नकोत. घर रिकामं आहे."

"रिकामं? कधीपासून?"

"दोन महिने होत आले." ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "तू ओरडून गेलीस ना, त्या दुपारपासून आवरायला घेतला. कपाट सिनेगॉगला देऊन टाकला, भांडी शेजारणीला. एक गादी ठेवली होती जमिनीवर, आणि तुझ्या डब्यापुरती दोन भांडी."

मला काही समजेना. "पण त्या दिवशी मी म्हटलं होतं की मी कुणाला सांगणार नाही. शपथ घेतल्यासारखं म्हटलं होतं."

"म्हणाली होतीस," आत्या म्हणाली. "पण तुला मी वाढवलाय. तू सांगणार हे मला ठाऊक होता. तुला ठाऊक नव्हता, एवढाच."

बैठकीत मी दोनदा उठून बसले होते. तिचं घर आपण घालवतोय एवढंच डोक्यात होतं. आणि तेव्हा तिकडे ती घर आवरून, एका गादीवर बसून, मी खरं बोलायची वाट बघत होती. मी कोण आहे हे तिला माझ्याआधी कळलं होतं. एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नाही, मी स्वतःही नाही.

आमच्यात घरच्या माणसाचे आभार मानत नाहीत. मानले तर परकं केल्यासारखं वाटतं. अडतीस वर्षांत मी तिला तो शब्द कधी म्हटला नव्हता. तिथे, तीन अनोळखी माणसं आणि अझुलाय यांच्यासमोर, माझ्या तोंडून तो निघाला. "आत्या, मी तुझी आभारी आहे. सगळ्याबद्दल."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पर्सची चेन लावली आणि उठली.

"बरं," ती म्हणाली. "आता सांग, तुझ्या घरात माझी गादी कुठल्या खोलीत घालायची?"